कडब्याची गव्हाण : ढोकीतला नाताळ आणि मराठीतली चारशे वर्षं

(हा आपल्या ताज्या भागाचा लेखी मसुदा. ऐकताना काही सुटलं असेल, किंवा बसमध्ये आवाज नीट आला नसेल, तर इथे निवांत वाचा. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आजचा भाग मी ढोकीतून रेकॉर्ड करतोय, आमच्या घराच्या माडीवरून. मागे मधूनच ट्रॅक्टरचा आवाज येईल. उसाच्या ट्रॉल्या जातायत आणि डिसेंबर आहे, त्याला इलाज नाही. ढोकी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं लातूर रस्त्यावरचं गाव. काहींना ते तेरणा साखर कारखान्यामुळे माहीत असेल. आमच्या आजीच्या वयाच्या लोकांना ते बार्शी लाइटच्या छोट्या गाडीमुळे माहीत होतं. आजी लग्न होऊन त्याच गाडीनं बार्शीकडून इथे आली. गाडी इतकी हळू चालायची की खाली उतरून बोरं वेचून परत चढता यायचं, असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच माहीत.

तर विषयाकडे येतो. आम्ही ख्रिस्ती आहोत. गावात आमच्यासारखी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हे मी या पॉडकास्टवर आज पहिल्यांदा सांगतोय. गेली दोन वर्षं तुम्हाला किल्ले, बारवा, निजाम, रझाकार असं सगळं सांगितलं, पण हे सांगितलं नव्हतं. का नव्हतं, तेही आज सांगणार आहे.

झालं असं, की पाच-सहा दिवसांपूर्वी मी स्टेटसला आमच्या गव्हाणीचा फोटो टाकला. गव्हाणी म्हणजे येशूजन्माचा देखावा. कडब्याचं छप्पर, मातीची गुरं, मधे बाळ. त्यावर माझ्या अगदी जवळच्या दोस्ताचा मेसेज आला. पहिलीपासून एका बाकावर बसलेला दोस्त. त्यानं लिहिलं होतं, ‘भावा, छान केलंयस, पण हा सण आपला नाही. बाहेरून आलेला आहे.’

राग नव्हता त्यात. त्याला खरंच तसं वाटतं. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. मग म्हटलं, आपण इतिहासाचा पॉडकास्ट करतो ना? मग उत्तर नीट शोधू. म्हणून हा भाग. प्रश्न दोन आहेत. नाताळ महाराष्ट्रात आला कसा, आणि आपल्याला झालेला आनंद दुसऱ्याला सांगायचा कसा, त्याच्या मनात भीती किंवा संशय न आणता?

नाताळ हा शब्द कुठून आला?

शब्दापासून सुरू करू. ‘नाताळ’ पोर्तुगीज भाषेतून आला. मूळ शब्द ‘नाताल’, म्हणजे जन्माचा दिवस. पाव, पाद्री, चावी, साबण ही सगळी त्याच जहाजातून उतरलेली मंडळी. म्हणजे दोस्ताचं म्हणणं शब्दापुरतं बरोबर आहे. पण मग चावीसुद्धा बाहेरची आणि वडापावातला पावसुद्धा! बटाट्याचं तर नावच काढू नका.

आता थोडं मागे जाऊ. साल १५७९. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण जेझुइट गोव्यात उतरला. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायलाही अजून वीस-एकवीस वर्षं होती. या माणसानं पुढची जवळपास चाळीस वर्षं गोव्यात काढली, बहुतेक काळ साष्टीत. तिथल्या लोकांची भाषा तो शिकला. नुसती बाजारात लागते तेवढी नाही, तर पोथ्यांतली मराठी शिकला, ओवीचा छंद शिकला. आणि त्यानं मराठीत एक ग्रंथ लिहिला, ‘क्रिस्तपुराण’. जवळपास अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये तो साष्टीतल्या राचोल इथे छापला गेला.

१६१६ म्हणजे तुकाराम महाराज तेव्हा लहान होते आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. त्या काळात मराठीत येशूच्या जन्माची कथा ओव्यांत बसली होती. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय. लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यानं पुराणच लिहिलं. मराठीचं कौतुकही त्यानं इतक्या मनापासून केलंय, की आजही मराठी भाषा दिनाला भाषणात हमखास त्याचा उल्लेख येतो.

पण थांबा. इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. त्याच गोव्यात, त्याच काळात, पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे धर्माच्या नावानं चौकशी आणि शिक्षा करणारं कोर्ट. पुढे १६८४ मध्ये स्थानिक भाषा बोलण्यावरच बंदी घालणारा हुकूम निघाला. माझ्या दोस्ताच्या मनात ‘बाहेरचा’ या शब्दाबरोबर जे येतं, ते हे आहे. ते खोटं नाही. ते झालं.

म्हणजे एकाच ठिकाणी दोन गोष्टी चालू होत्या. एकीकडे सत्ता लोकांना ‘तुमची भाषा टाका’ म्हणत होती आणि दुसरीकडे एक माणूस त्याच लोकांची भाषा शिकून तिच्यात ओव्या रचत होता. पुढे काय झालं बघा. त्या सत्तेचे हुकूम आज कोणी मानत नाही. क्रिस्तपुराणाच्या पहिल्या छापील प्रती मात्र आज एकही सापडत नाही, तरी ग्रंथ जगला. कारण मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या आणि पिढ्यान् पिढ्या त्या म्हटल्या. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, आणि १९५६ मध्ये देवनागरीत आला. लोकांनी तो आवडीनं म्हटला, म्हणून टिकला. हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेर काही लांब नाही

आता गोव्यातून आपल्या भागात येऊ. ढोकीजवळ तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर. तेरचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं एक पुस्तक आहे, पेरिप्लस. समुद्री व्यापाऱ्यांची गाइडच म्हणा ना. त्यात पैठण आणि तगर ही दोन नावं आहेत. तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं आणि तिथून पुढे रोमन जगात. तेरच्या वस्तुसंग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा डोळ्यांनी बघता येतील.

हे का सांगतोय? येशूचा जन्म झाला तो यहुदिया प्रांत रोमच्या ताब्यात होता. आणि त्याच रोमन जगाशी आपल्या तेरणाकाठच्या विणकरांचा धंदा चालू होता. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इथून निघून कुठवर पोचल्या होत्या बघा. ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ यातली भिंत आपण समजतो तेवढी जुनी नाही. ख्रिस्ती धर्म त्या काळी तेरला आला होता, असं मी म्हणत नाहीये. तसा पुरावा नाही. एवढंच म्हणतोय, की आमचं गाव जगापासून तुटलेलं कधीच नव्हतं.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

आता मुख्य माणूस. नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड टिळक. मराठीत त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. १८६१ मध्ये कोकणात करजगावला जन्म. जातीनं चित्पावन ब्राह्मण, स्वभावानं अवलिया. घर एका जागी टिकू द्यायचे नाहीत. १८८० मध्ये लग्न झालं. बायकोचं वय अकरा-बारा. माहेरची मनकर्णिका गोखले, सासरची लक्ष्मी.

१८९३ च्या सुमाराला टिळक रेल्वेनं नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन माणूस भेटला. कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि तो वाचायला सांगितलं. बस. त्या माणसाचं नावही टिळकांना नीट कळलं नाही. टिळक वाचत गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे, तिथे येऊन ते थांबले. पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंत गोष्ट आनंदाची वाटते ना? आता तीच गोष्ट लक्ष्मीबाईंच्या बाजूनं बघा. नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळात याचा अर्थ नवरा जिवंत असून मेल्यासारखा. पदरात लहान मुलगा. त्या काही काळ बहिणीकडे पंढरपुरात राहिल्या. जवळपास पाच वर्षं हे ताटातुटीचं आयुष्य. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंय. पहिला भाग १९३४ मध्ये आला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक, मराठीतलं सर्वांत चांगलं आत्मचरित्र कोणतं, या वादात आजही पहिल्या दोन-तीनांत असतं. आणि ते हसवतं! एवढं दुःख सोसून ही बाई स्वतःवर हसते, नवऱ्यावर हसते, सोवळ्यावर हसते.

मला त्यातला सगळ्यात मोठा भाग कुठला वाटतो सांगू? टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई परत एकत्र राहायला आल्या तेव्हा त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं चालू राहिलं. एकाच घरात दोन धर्म नांदले. मग त्यांच्याच मनात प्रश्न सुरू झाले. जात कोणी केली? देवानं की माणसानं? कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या का नाही? १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. कोणी वादात हरवलं म्हणून नाही. आपल्या चुलीपाशी बसून, आपल्या वेळेनं.

टिळक म्हणायचे, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळींनी साहेबी चालीवरची गाणी म्हणत बसावं, हे त्यांना पटायचं नाही. त्यांनी अभंग लिहिले. टाळ, मृदंग, पेटी घेऊन कीर्तनं केली. अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीच सुरू झालं होतं, कृष्णराव सांगळे यांनी ते उभं केलं होतं. टिळकांनी त्याला कवीचा हात दिला. आज मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ नावाचं गीतांचं पुस्तक असतं. त्यातली शंभराहून कितीतरी जास्त गीतं एकट्या टिळकांची आहेत. नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे जी भजनं होतात, त्यांत आजही टाळ असतात. आमच्या शेजारचे माळकरी काका कित्येकदा येऊन बसायचे. चाल चुकली की तेच आम्हाला दुरुस्त करायचे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताचं प्रेम आहे तो इथे आपला. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं, आणि ते पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्मानं आपला संसार मोडला असं त्यांना एकेकाळी वाटलं होतं, त्याचंच काव्य त्यांनी म्हातारपणी लिहिलं.

‘भाकरीचे ख्रिस्ती’

आता जरा अवघड भाग. लहानपणी शाळेत मला एक वाक्य ऐकायला मिळालं होतं. ‘तुमचे लोक भाकरीसाठी बाटले.’ घरी येऊन आजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भूक लागल्यावर भाकर देणाऱ्याला काय म्हणतेत रे लेकरा?” मला तेव्हा उत्तर आलं नाही.

इतिहास काय सांगतो? १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा. दख्खनमध्ये माणसं आणि गुरं रस्त्यावर मेली. मिशननं अनाथाश्रम काढले, धान्य वाटलं, पोरं सांभाळली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून शेकडो मुली वाचवून आणल्या. दुष्काळानंतर ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, हे खरंच आहे. पण गोष्ट तिथेच संपत नाही. धान्य तर एका हंगामात संपतं. मग पाऊस पडल्यावरही ही माणसं परत का गेली नाहीत?

मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण पुढे जालन्याला कामाला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या मदतीनं जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथे बेथेल नावाचं गाव वसलं. राहायला आलेले बहुतेक लोक मांग समाजातले. म्हणजे चित्र बघा. जमीन मुसलमान राज्याची, उपदेशक ब्राह्मण, गाव मांगांचं आणि नाव बायबलातलं! त्या माणसांना तिथे काय मिळालं? विहिरीवर जाता आलं. एका सतरंजीवर बसता आलं. पोराला अक्षर मिळालं. ज्याला गावानं हजार वर्षं वेशीबाहेर ठेवलं, त्याला कोणीतरी नावानं हाक मारली. ही भाकरीपेक्षा मोठी भूक होती.

आणि तरीही, चर्चमध्ये येऊन जात पूर्ण सुटली असंही नाही. सोयरिकी जमवताना ती हळूच डोकं वर काढतेच. माझ्याच नात्यात मी ते बघितलंय. आनंदाची बातमी आपल्याच घरात पूर्ण पोचायची आहे अजून. असो.

याच पट्ट्यात, आमच्या जवळच्या कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आले होते, महार-मांग परिषदेला. त्या माणसांपुढचे प्रश्न तेच होते. माणूस म्हणून कोण उभं करणार? उत्तरं वेगवेगळी निघाली. कोणी बुद्धाकडे गेलं, कोणी ख्रिस्ताकडे, कोणी विठोबापाशी राहिलं. पण निघाले सगळे एकाच वेशीबाहेरून.

जानेवारी २०२०, धाराशिव

ही अगदी कालची गोष्ट. १० ते १२ जानेवारी २०२० ला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्यात झालं. नगरीला नाव दिलं होतं संत गोरोबाकाकांचं. आणि अध्यक्ष कोण? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, हरित वसईच्या लढ्यातले कार्यकर्ते, ‘सुबोध बायबल’चे लेखक. या गादीवर ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच बसत होता.

निवड जाहीर झाल्यावर काहींनी विरोध केला. आयोजकांना धमकीचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली. ‘आता आपल्याकडे बोट दाखवणार’ अशी भीती. पण फादर प्रकृती बरी नसताना आले. उद्घाटक होते ना. धों. महानोर. शेतकरी कवी आणि पाद्री, दोघं एका व्यासपीठावर. आणि मांडव भरलेला. मी एसटीनं गेलो होतो. पार मागे उभा राहिलो आणि आजूबाजूला बघत होतो. फेटेवाले आजोबा, नऊवारीतल्या बायका, कॉलेजची पोरं. सगळे ऐकत होते. कोणाचा धर्म बुडाला नाही. त्याच दिवशी पुस्तक प्रदर्शनात मी ‘स्मृतिचित्रे’ विकत घेतलं. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. पण गोरोबाकाकांच्या नावाच्या मांडवात त्यांचं स्वागत झालं, ही नोंद आपल्या जिल्ह्याच्या नावावर कायमची झालीये.

आजीची गव्हाण

आता मी हे सगळं इतके दिवस का सांगितलं नव्हतं, ते.

पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हा पहिल्या वर्षी २४ डिसेंबरला रूमवर विषय निघाला. एकजण नाताळाबद्दल काहीतरी वाकडं बोलला. सगळे हसले. मीही हसलो. मग ‘डोकं दुखतंय’ म्हणून पांघरूण घेऊन झोपलो. तेवढ्यात आजीचा फोन. “केक खाल्लास का रे?” मी पांघरुणातून हळूच “हो” म्हटलं. तिनं विचारलं, “असा चोरून का बोलायलास?” मी काही बोललो नाही. तीही पुढं काही बोलली नाही. ते ‘चोरून’ मला आजही टोचतं.

कारण तीच आजी होती, जिच्या तोंडून मी आयुष्यातला सगळ्यात चांगला उपदेश ऐकला होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन.

आमच्या शिवाराच्या कडेला दर हंगामात ऊसतोड्यांची टोळी उतरते. पाचटाच्या कोप्या, बाहेर बैल, बैलांपुढे वाढं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या वहीत नाव, घेतलेली उचल फिटेपर्यंत काम. आजी दरवर्षी २५ तारखेला सकाळी करंज्यांचा डबा घेऊन तिथे जायची. त्या वर्षी मी बरोबर होतो. एका कोपीत बाई बाळंत झाली होती, दोनच दिवसांपूर्वी. थंडी मरणाची. बाळ जुनेराच्या तुकड्यात. आजीनं डबा ठेवला, मला घेऊन तडक घरी आली, पेटीतलं मऊ झालेलं स्वतःचं लुगडं काढलं, फाडून बाळंती केली, एक गोधडी घेतली, खारीक-खोबरं बांधलं आणि परत गेली.

त्या बाईनं विचारलं, “आज काय हाय म्हनं तुमच्यात?”

आजी म्हणाली, “आमच्या देवाचं लेकरू आसंच उघड्यावर जल्मलं व्हतं बाई. गावात जागा मिळाली नाही. मग गव्हाणीत ठेवलं त्याला.”

ती बाई थोडा वेळ बाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्याच्या मायचेबी हालच झाले आसतील की मग.”

एवढंच. आजी पुढे काही बोलली नाही, पत्रक दिलं नाही, ‘चर्चला ये’ म्हटलं नाही. चूल पेटवून पाणी तापवायला बसली.

मोठा झाल्यावर लूकचं शुभवर्तमान नीट वाचलं तेव्हा कळलं, की त्या बाईनं गोष्ट बरोबर पकडली होती. रोमच्या कैसराचा हुकूम निघतो, नावनोंदणी करा. गरोदर बायकोला घेऊन एक सुतार परगावी जातो, कारण कोणाच्या तरी वहीत नाव लागायचं आहे. उतारशाळेत जागा नाही. बाळ गुरांच्या गव्हाणीत. आणि बातमी पहिल्यांदा कोणाला कळते? रात्री उघड्यावर मेंढरं राखणाऱ्यांना. रात्रपाळीवाल्यांना! आमच्याकडे तर साखर कारखान्यात जिथे ऊस टाकतात त्यालाही गव्हाणच म्हणतात. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू होतो. ढोकीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरजच काय?

येळवस आणि नाताळ

आणि शेवटी मला माझ्या दोस्ताचं उत्तर सापडलं, तेही त्याच्याच शेतात.

लातूर-धाराशिवकडच्या लोकांना येळवस माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. ती नाताळाच्याच आगेमागे येते. रानात ज्वारी उभी असते, हरभरा घाटे धरत असतो. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडवांचे दगड मांडून पूजा करायची. मग भज्जी, उंडे, आंबील, खिचडा. आणि मुख्य नियम असा, की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बोलवायचं. ओळख असो नसो. जात-धर्म तर कोणी विचारतच नाही. माझ्या जन्मापासून आम्ही दरवर्षी त्याच दोस्ताच्या रानात येळवस जेवतो. आणि आमच्या गव्हाणीच्या छपराचा कडबा दरवर्षी त्याच्याच बनमीतून येतो. आजी मागायची, त्याची आई द्यायची.

मग मी त्याला एवढंच लिहिलं. ‘सण कुठून आला ते मी चाळीस मिनिटांच्या भागात सांगतोय, ऐक. पण कडबा तुझ्या रानातला आहे. २४ ला रात्री भजन आहे, जेवायला ये.’

निळी टिक आली. बराच वेळ काही नाही. मग मोठा मेसेज आला. त्यात धर्मांतराबद्दलचे त्याचे आक्षेप होते, काही बरोबर, काही मला अजिबात न पटणारे. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे आणि चालूच राहील. पण शेवटची ओळ होती, ‘आई विचारतेय, आजी नाही तर करंज्या कोण करणार? सारण घेऊन येऊ का?’

आजीला जाऊन आता तीन वर्षं झाली. मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून परात काढली.

तर दोस्तहो, आनंद दुसऱ्याला कसा सांगायचा, याचं माझं उत्तर आजीकडूनच आलंय. स्टीफन्सनं आधी भाषा शिकली. टिळकांनी बायकोच्या चुलीला हात लावला नाही, तिची वाट बघितली. आजीनं आधी पाणी तापवलं. आणि कोणी विचारलं, तर लपवलं नाही. हे शेवटचं मला जमत नव्हतं. आज जमवलं.

तुमच्या गावात नाताळ कसा असतो? तुमच्या शेजारी कोण राहतं, त्यांच्या घरची अशी एखादी जुनी गोष्ट तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात जाऊन विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवतो. पुढचा भाग येडशी-तडवळ्याकडच्या बार्शी लाइट रेल्वेवर आहे. आजीच्या बोरांची खातरजमा तिथे करू.

नाताळाच्या शुभेच्छा. ढोकीकडे आलात, तर जेवल्याशिवाय जाऊ नका.